थाटीपुरच्या बसची पायरी

बस समोर येऊन थांबली की सगळी माणसं दाराकडे धावायची आणि काकू दोन पावलं मागे सरकायच्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायच्या, त्याच्या वरून बसला चाकापासून टपापर्यंत न्याहाळायच्या आणि शेजारी जो कोणी उभा असेल त्याला सांगायच्या, "यात काहीतरी गोम आहे."

गोम त्यांना कुठेही दिसायची. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर टाकली की गोम. डॉक्टर हसून बोलला की गोम. एकदा नळाला वेळेवर पाणी आलं, तेव्हा ग्वाल्हेरच्या आमच्या दाना ओली या गल्लीत सगळ्यांनी आनंदानं हंडे भरले. काकूंनी ओंजळीत घेऊन आधी वास घेतला. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असणारच. आपण त्याला हसतो, आणि घरी आल्यावर कोणी बघत नाही असं पाहून कोथिंबिरीची जुडी उलटीसुलटी करून बघतो.

सगळी गल्ली त्यांना काकू म्हणायची, म्हणून मीही. सत्तरी ओलांडलेली, अंगानं किरकोळ, पाठ मात्र ताठ. सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या दरबारच्या चाकरीत होती. दरबार गेला, पण बोलण्यातला अदब राहिला. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात मुलगा आणि सून. मुलाचं पाटणकर बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मी त्याच गल्लीत थोडी पुढे राहते आणि थाटीपुरच्या एका शाळेत शिकवते. म्हणजे रोज जायचं-यायचं आलं, आणि त्यामुळेच काकूंची आणि माझी गाठ घरापेक्षा बसथांब्यावर जास्त पडली.

बाड्याच्या चौकातून थाटीपुरवरून मुरारला जाणारी नवी शहर बस सुरू झाली, त्या दिवशी दारावर फुग्यांची कमान होती. बस निळीशार, काचा एवढ्या मोठ्या की आतला माणूस दुकानात मांडल्यासारखा दिसावा. आत टीव्हीचा पडदा, फोन चार्ज करायची सोय. बसून बघितलं तर सीट प्लास्टिकच्या आणि गुळगुळीत; ड्रायव्हरनं ब्रेक मारला की आपण पुढच्या सीटवर जाऊन आदळायचं. धरायच्या कड्या इतक्या वर की मी टाचा उचलल्या तरी बोटांची टोकंच पोचायची. आणि पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर.

"टीव्ही लावायचं आठवलं," काकू म्हणाल्या, "आणि पायरी विसरले? हे लोकं विसरत नसतात. मुद्दाम केलंय. बायका चढू नयेत म्हणून."

"असं कशाला करतील, काकू?"

"ते मला काय मालूम? पण केलंय."

मी हसले. मग काकूंनी मला थांब्याकडे बघायला लावलं. नवा थांबा होता, चकचकीत स्टीलचा. बाक पुढच्या बाजूला उतरता, म्हणजे कोणी आडवं होऊ नये. पण त्यामुळे बसताही येईना. आणि जाहिरातीचा मोठा फलक नेमका त्याच बाजूला, जिकडून बस येते. आत उभं राहिलं तर बस दिसायची नाही. म्हणून सगळे जण थांबा सोडून उन्हात, रस्त्याच्या कडेला माना वळवून उभे. "सांग आता," काकू म्हणाल्या.

मी स्वतः पटकन विश्वास ठेवणारी आहे असं नाही. गल्लीत तेव्हा एक कुजबुज सुरू होती आणि त्यात माझाही वाटा होता. काकू रोज घराबाहेर पडायच्या, पण वेळ रोज वेगळी. कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी दिवेलागणीच्या आधी. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत काहीतरी चपटं, कडक. कोणी म्हणायचं मुरारला प्लॉट घेतलाय, कोणी म्हणायचं कुठल्याशा बाबाकडे जातात. पिशवीत काय आहे विचारलं तर काकू पिशवी दुसऱ्या खांद्यावर घ्यायच्या. "तुला कशाला पाहिजे?"

ते काय आहे हे मला पहिल्यांदा कळलं ते बसच्या दारात. काकूंचं न्याहाळून झालं, त्या पुढे आल्या आणि पिशवीतून त्यांनी पाट काढला. जेवायला बसायचा लाकडी पाट. लहान, कोपऱ्यांना पितळी फुल्या ठोकलेला, एका कडेला भोक पाडून त्यात सुती दोरी ओवलेली. तो त्यांनी पायरीखाली रस्त्यावर ठेवला. चपला काढून हातात घेतल्या. पाटावर पाय, पाटावरून पायरीवर, पायरीवरून आत. आणि विहिरीतून बादली ओढावी तसा दोरीनं पाट वर ओढून घेतला.

कंडक्टर बघतच राहिला. "काए अम्मा, ये क्या है? सामान का टिकट लगेगा."

"ये सामान नहीं है," काकू म्हणाल्या. "ये तुम्हारी सीढ़ी है. तुम घर भूल आए थे."

मी शेजारी बसले आणि हळूच विचारलं, "पण चपला का काढल्या?"

"पाटावर तू चपला घालून पाय देतेस?"

नाही देत. तुम्हीही देत नसाल. ज्याच्यावर बसून जेवायचं त्याच्यावर चप्पल ठेवायची नाही, हे आपल्याला कोणी शिकवलेलंही आठवत नाही.

पुढच्या काही दिवसांत काय झालं ते बघण्यासारखं होतं. काकू चढल्या की मागून एखादी बाई म्हणायची, "काकू, पाट राहू द्या ना जरा." मग ती चढायची. मग तिच्या मागची. सगळ्या चपला काढून, चपला हातात घेऊन. आमच्या मराठी बायकांचं ठीक होतं, पण बाकीच्याही काढायला लागल्या, का ते न विचारता. एका पंडिताइननं तर पाटाला हात लावून तो कपाळाला लावला आणि मग चढली. ड्रायव्हर मागे वळून ओरडायचा, "अम्मा, बस है कि मंदिर?" पण बायका चढत होत्या. ज्या इतके दिवस बस बघून तोंड फिरवायच्या आणि बुटक्या ई-रिक्षात जाऊन बसायच्या, त्या आता एक बस सोडून द्यायच्या आणि थांब्यावर विचारायच्या, "आज पाट कब आएगा?"

काकूंना ते अजिबात आवडलं नव्हतं. "ह्यांना माझी वेळ कशाला पाहिजे? काहीतरी गोम आहे." आणि दुसऱ्या दिवशी त्या आणखी वेगळ्या वेळेला निघायच्या.

वेळेचं ते गूढ मी त्यांच्या मागे जाऊन सोडवलं. एका शनिवारी शाळा लवकर सुटली होती. थाटीपुरच्या थांब्यावर काकू उतरताना दिसल्या आणि मी अंतर ठेवून चालायला लागले. त्या सरकारी क्वार्टर्सच्या रांगेत शिरल्या, एका क्वार्टरच्या मागच्या बाजूला गेल्या आणि टाचा उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत बघायला लागल्या. माझ्या मनात नको नको ते आलं. तेवढ्यात त्यांनी वळून पाहिलं.

"तू माझ्या मागे का आलीस? माझ्या मुलानं पाठवलं ना तुला?"

"नाही हो काकू. तुम्ही इथे काय करताय?"

"बघून राहिलीय. आज तरी भात मऊ शिजवलाय की नाही."

त्या घरात त्यांची धाकटी बहीण राहत होती. काकू तिला छोटी म्हणायच्या, छोटी स्वतः आजी झाली होती तरी. तिच्या अंगावरून वारं गेलं होतं. डावी बाजू निकामी, वाचा गेलेली, समज मात्र पूर्ण. मुलगा नोकरीवर जायचा आणि तिचं सगळं सून करायची. सून भिंडकडची, हिंदी बोलणारी. काकूंचा पक्का समज होता की ही बाई आपल्या छोटीला उपाशी ठेवते, निदान गार तरी वाढते. म्हणून रोज वेगळ्या वेळेला धाड. आधी मागची खिडकी, मग पुढचं दार.

दारातून आत गेल्यावर मात्र त्या वेगळ्या व्हायच्या. त्या दिवशी मी पाहिलं. त्या पलंगावर बसल्या, छोटीला टेकवून बसवलं आणि तिचे केस सोडले. तेल लावून, गुंता काढून, हळूहळू विंचरून अंबाडा घातला. छोटी दुसऱ्या कोणाला डोक्याला हात लावू देत नसे. सून फणी घेऊन आली तरी मान फिरवायची. विंचरताना काकू तिला दाना ओलीतलं सगळं सांगत होत्या आणि छोटी उजव्या हातानं त्यांचा गुडघा थोपटत होती. सूनबाई चहा घेऊन आली. काकूंनी कप घेतला, वास घेतला, मग प्यायल्या. सूनबाई ते बघत उभी होती. मला तिचं वाईट वाटलं.

येताना काकूंनी मला बजावलं, "घरी पाटाचं बोलू नकोस हं. मुलगा म्हणतो, रोज जायचं नाही. हप्त्यातून एकदा तो स्कूटरवर नेणार. छोटीला रोज काय, तासातासाला मी लागते, आणि हा एकदा म्हणतो."

मुलगा वाईट नव्हता. तो मला गल्लीत भेटला तेव्हा तोच म्हणाला, "अहो ताई, आईला जरा समजवा ना. ती पायरी पाहिलीय तुम्ही? किसी दिन गिर गई तो कौन देखेगा? हाड मोडलं तर झालं. मी तिला रोज सांगतो, पण वो मानती ही नहीं." त्याची काळजी खरी होती. पण काकूंचं जाणं एकाच गोष्टीवर टिकून होतं, पायरीचा आपल्याला काही त्रास नाही हे त्याला पटण्यावर. त्या कुठेही, कधीही पायरी उंच आहे असं म्हणायच्या नाहीत. निदान अनोळखी माणसासमोर तरी नाही.

आणि मग दोन तरुण मुलं आली. एक मुलगा, एक मुलगी, गळ्यात ओळखपत्रं, हातात मोठे फोन. थांब्यावरच्या लोकांना बसबद्दल विचारत होती. कोणी चढतं, कोणी का चढत नाही, काय अडचण आहे. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांनी कोणीतरी विचारत होतं.

पहिला नंबर काकूंचा लागला.

"अम्मा, बस की सीढ़ी ऊँची लगती है?"

"नहीं तो. बिलकुल ठीक है," काकू म्हणाल्या. पाट पदराखाली गेला होता.

"सीट?"

"उत्तम."

"और ये बस स्टॉप? धूप-वूप?"

"बहुत अच्छी छाया है," काकू उन्हात उभ्या राहून म्हणाल्या. "सब आपकी कृपा है."

आता तुम्ही आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी लोकांत राहिला नसाल तर तुम्हाला हे खरं वाटणार नाही. आमच्या जुन्या घरांत सरकारी माणसानं काही विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. छप्पर गळत असलं तरी कृपा आहे, पगार थकला तरी कृपा आहे. दरबारात गाऱ्हाणं न्यायचं नाही, त्यानं मर्जी जाते. दरबार जाऊन किती काळ लोटला, मर्जीची भीती काही गेली नाही. काकूंच्या मागे आमच्या गल्लीतल्या ज्या बायका होत्या त्या सगळ्यांनी एकेक करून तेच सांगितलं. उत्तम. ठीक. कृपा आहे. रोज पाटावरून चढणाऱ्या बायका! मी मात्र पायरीचं, कड्यांचं, फलकाचं सगळं सांगितलं. मुलीनं ते टिपलं आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "मैडम, बाकी सब को तो अच्छा लग रहा है."

ती मुलं गेल्यावर मी काकूंवर चिडले. "खोटं का सांगितलंत?"

"तू भोळी आहेस. ना हातात कागद, ना शिक्का. नुसता फोन. फोन कोणाचा धंदा आहे? माझ्या मुलाचा. त्यानंच पाठवलेत ते. मी पायरी उंच म्हटली असती ना, तर रात्री घरी म्हणाला असता, बघ, तूच कबूल केलंस, आता नाही जायचं."

मला हसावं की रडावं कळेना. पण सांगते, क्षणभर मलाही वाटलं की असेलही.

पुढे पावसाळा गेला, दिवाळी झाली, आणि एके दिवशी कंडक्टर तिकीट देता देता म्हणाला, "बस ये हफ़्ता और. फिर ये रूट बंद." बस भरत नाही, फक्त आमच्या या एका थांब्यावर बायका मिळतात, तेवढ्यानं काय होणार? साहेब लोकांनी बसमध्ये काही कमी आहे का तेही तपासलं म्हणे. "पब्लिक ने ख़ुद लिखवाया, सब बढ़िया है. जब गाड़ी बढ़िया है और सवारी नहीं है, तो मतलब यहाँ ज़रूरत ही नहीं है."

काकू खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. फूलबाग गेलं, पडाव गेला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या तू माझ्याबरोबर बसवाल्यांच्या दफ्तरात चल."

दफ्तरात जायला त्यांनी जरीकाठाची साडी नेसली होती. साहेब तरुण होते, उठून उभे राहिले, खुर्ची दिली, चहा मागवला. चहा बघून काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि कप हळूच माझ्या बाजूला सरकवला. साहेबांनी विचारलं, "कहिए माताजी, क्या तकलीफ़ है?"

"कुछ नहीं. आपकी कृपा है," काकू म्हणाल्या.

मी त्यांना टेबलाखालून पाय मारला.

काकूंनी पदर सावरला. "साहब, आपके लोग आए थे तब हमने जो बोला था, वो झूठ था. सीढ़ी बहुत ऊँची है. हम चढ़ नहीं सकते. इसलिए पाट रखना पड़ता है."

सुखी असल्याची तक्रार मागे घ्यायला आलेलं माणूस साहेबांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. "माताजी, उसी दिन बोल देतीं."

"उस दिन आप पे भरोसा नहीं था."

"और आज है?"

"आज भी नहीं है," काकू म्हणाल्या. "लेकिन बस चाहिए."

साहेब हसले नाहीत, हे मला त्यांचं आवडलं. त्यांनी सरळ सांगितलं की बस तयार होऊन बाहेरून येते, खालचा सांगाडा ट्रकचा असतो, म्हणून बसचा तळच उंच. खाली एक जादा पायरी लावून पाहिली होती, ती पहिल्याच गतिरोधकावर तुटून पडली. आता निर्णय वरून झालाय. तरी लिहून पाठवतो, बघू.

काकू उठल्या. दारापाशी थांबून त्यांनी सगळ्या खोलीला विचारलं, "यहाँ बस से कौन आता है?" टेबलांमागची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कपाटावर हेल्मेटं ओळीनं मांडलेली होती.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "माणूस खरं बोलला." थोडं चालून पुन्हा म्हणाल्या, "म्हणूनच काही होणार नाही."

तसंच झालं. बस बंद झाली. मला फरक पडला नाही, मी टेम्पोनं, म्हणजे सवाऱ्या भरून धावणाऱ्या तीनचाकीनं, जायला लागले. काकूंचं तसं नव्हतं. टेम्पोत शिरायचं तर घडी घालून शिरावं लागतं. त्यांनी एकदा प्रयत्न केला. शिरल्या, पण उतरताना गुडघे उलगडेनात आणि दोघा-तिघांनी धरून बाहेर काढलं, तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ई-रिक्षाची पायरी बुटकी, म्हणून त्या तिच्यातून दोन-चारदा गेल्या. मग एका वळणावर रिक्षा कलंडली. फार लागलं नाही, कोपर खरचटलं. पण कोपर घरी लपवता येत नाही.

मुलानं ओळखीचा एक ऑटोवाला लावून दिला. "रोज नेईल, रोज आणेल. अब तो खुश?" ऑटो आला, दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्या दिवशी बिघडला. मग एक दिवस आला आणि पुन्हा बिघडला. "त्याला घरूनच सांगून ठेवलंय," काकू मला जिन्यात दबक्या आवाजात म्हणाल्या. मी त्यांना समजावलं, आणि दुपारी तोच ऑटो इंदरगंजच्या चौकात सवाऱ्या घेऊन सुसाट जाताना पाहिला. आता यात काय समजायचं ते तुम्हीच समजा.

हळूहळू काकू दिसेनाशा झाल्या. मी विचारलं की काकूंच्या सूनबाई म्हणायच्या, झोपल्यात, जप करतायत. मला कामं होती. परीक्षा जवळ आल्या होत्या.

एका सकाळी मी टेम्पोतून शाळेत जात होते. पडावाच्या पुलाच्या चढावर टेम्पो अडकत अडकत चालला होता, आणि कठड्याला धरून कोणीतरी चालताना दिसलं. ताठ पाठ मी ओळखली. मी टेम्पो थांबवून उतरले.

"काकू! इथे कुठे?"

त्यांना दम लागला होता. ओठ कोरडे, पाय घोट्यापर्यंत धुळीनं माखलेले. त्यांनी कठडा सोडला नाही. "चालत जाणार आहे. चालायला पायरी नाही लागत."

मी रिक्षा थांबवते म्हटलं. त्यांनी मान हलवली. ऑटो थांबवते म्हटलं. त्या चालायलाच लागल्या. मी शाळेत फोन करून सांगितलं, उशीर होईल. मग आम्ही दोघी चाललो. त्या पूल संपल्यावर बसल्या, स्टेशनच्या रस्त्यावर एका दुकानाच्या ओट्यावर बसल्या, पुढे झाडाखाली बसल्या. मध्ये मी पाण्याची बाटली घेतली. त्यांनी झाकणाचं सील तुटलंय का ते पाहिलं आणि घटाघटा प्यायल्या. मला भीती वाटत होती. त्यांनाही वाटत असणार.

क्वार्टरपाशी पोचलो तेव्हा त्या मागच्या खिडकीकडे गेल्या नाहीत. सरळ पुढच्या दाराची कडी वाजवली.

सूनबाईनं दार उघडलं. आधी काकूंच्या तोंडाकडे, मग पायांकडे पाहिलं. "मौसी जी, आप पैदल?" आणि ती तिथेच रडायला लागली. "मुझे लगा आप मुझसे नाराज़ हो गईं. मैंने क्या ग़लती की, रोज़ यही सोचती थी."

काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला धरूनच आत आल्या. खोली स्वच्छ होती. चादर धुतलेली, उशाशी भाताची वाटी, अजून वाफ निघत होती. दोष काढायला तिथे काही नव्हतं, आणि काकू काढतही नव्हत्या. त्या पलंगाकडे बघत होत्या.

छोटीनं त्यांना आत येताना पाहिलं होतं. पाहिलं आणि मान भिंतीकडे फिरवली. केसांचा मागे घट्ट गुंता झाला होता. इतक्या दिवसांत तिनं कोणाला हात लावू दिला नव्हता.

"छोटी," काकू म्हणाल्या. "मी आले गं."

छोटी हलली नाही.

"अगं, बस बंद झाली. म्हणून नाही आले. तुला सोडून कशी राहीन मी?"

छोटीनं मान जरा वळवली. डोळे बारीक करून बहिणीकडे असं पाहिलं की मी चमकले. दोघी बहिणी आहेत हे मला तोपर्यंत इतकं कधी दिसलं नव्हतं. तिला एका अक्षरावरही विश्वास नव्हता. एवढी मोठी निळी बस, ती कोण बंद करील? मग तिनं तोंड पुन्हा भिंतीकडे केलं.

काकूंनी माझा हात धरला. साऱ्या जगावर शंका घेणाऱ्या त्या बाईचा आवाज मी पहिल्यांदा कापरा ऐकला. "तू सांग ना हिला. तू रोज जातेस. तुझं ऐकेल. सांग, खरंच बंद झाली."

मी सांगितलं. पलंगाजवळ वाकून, मोठ्यानं, एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत सांगितलं की बस बंद झाली आहे, माझीही झाली आहे, काकू खरं बोलतायत. सूनबाईही रडत रडत हो म्हणाली. छोटी भिंतीकडे बघत राहिली.

काकू कडेला बसल्या. त्या नुसत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "खरंच गं. खरंच." बऱ्याच वेळानं मला निघावं लागलं. मी म्हटलं, काकू, तुमच्या मुलाला फोन करते, तो न्यायला येईल. त्या उठायला गेल्या आणि मध्येच थांबल्या.

छोटीचं तोंड अजूनही भिंतीकडेच होतं. पण उजवा हात तिनं मागे आणला होता आणि काकूंच्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरून आपल्या कुशीखाली दाबून ठेवलं होतं. काकूंनी ते सोडवलं नाही. हळूच परत खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "त्याला सांग, येताना माझी गादी घेऊन ये."